मोसमी बल्लवाचार्य

दिवाळीच्या फराळाचे डबे घासूनपुसून माळ्यावर गेले, की आमच्या साडूभाऊंना स्वयंपाकघर आठवतं. बाकीचं वर्षभर ते घरात पाणीसुद्धा मागून पितात. मोठ्या कंपनीत मोठं पद, वय पंचावन्नच्या पुढे, मुलगी परदेशी, कोलेस्टेरॉल काठावर. अशा गृहस्थापुढे या वयात दोनच वाटा उरतात, मॅरेथॉन किंवा मास्टरशेफ. साडूंनी आधी धावायचे बूट आणले होते. ते बूट आता सोसायटीचा वॉचमन घालतो.

साडू एकटे नाहीत. दादर-पार्ल्यापासून कोथरूडपर्यंत कुठल्याही बऱ्या सोसायटीत असा एक मोसमी बल्लवाचार्य सापडतोच. त्याला पोळ्या लाटताना कोणी पाहिलेलं नसतं, कुकरच्या शिट्ट्या मोजताना तर नाहीच. त्याचा पदार्थ एकच, तो वर्षातून एकदाच व्हायचा, आणि त्याच्या नावातला निदान एक शब्द घरातल्या कोणालाही धड उच्चारता येऊ नये अशी अट असते. साडूंचा पदार्थ म्हणजे रावसाचा खरपूस तुकडा आणि त्यावर संत्र्याचा ‘बर ब्लां’. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर मात्र निमंत्रण येतं ते ‘पॅन-सिअर्ड इंडियन सॅमन, विंटर सिट्रस सॉस’ असं. रावसाचा सॅमनच्या कुळाशी काही संबंध नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण ‘रविवारी रावस आहे, या’ असं लिहिलं तर लोक नुसते जेवायला येतील, ही त्यांची भीती.

पुरुषांनी रांधण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे, असं ते एप्रन बांधता बांधता सांगतात. नलराजा पुरुष, विराटाच्या मुदपाकखान्यातला बल्लव म्हणजे भीम, तोही पुरुष. मुद्दा बिनतोड आहे. फक्त भीमाने हे सगळं अज्ञातवासात केलं. कोणाला कळू न देता वर्षभर राजवाड्याचा स्वयंपाक सांभाळायचा, ही परीक्षा साडूंना पहिल्याच दिवशी जड गेली असती. कांदा चिरून व्हायच्या आत त्याचा फोटो गटावर पडलेला असतो.

परंपरेनंतर इतिहास येतो. लुआर नदीच्या काठी, नाँत शहराजवळ, सव्वाशे वर्षांपूर्वी क्लेमांस लफेव्र नावाची बाई खानावळ चालवायची. ती बेअर्नेझ सॉस करायला गेली आणि त्यात अंड्यातलं पिवळं घालायलाच विसरली. उरलं ते कांदा, व्हिनेगर, वाइन आणि लोणी. तोच हा बर ब्लां. अशी तिथली गोष्ट आहे आणि साडू ती दर डिसेंबरात सांगतात. ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, ती दर डिसेंबरात ऐकते. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा मध्येच बोलली. “तिकडे बाई काही विसरली की सॉसला नाव मिळतं. मी आमटीत मीठ विसरले तेव्हा तुम्ही ताट सारून उठला होता.” साडूंनी एप्रनची गाठ पुन्हा बांधली.

पाहुणे जमवणं हेच एक प्रकरण. हिवाळी पदार्थ डिसेंबरात करायचा, आणि डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष. निम्मे नातेवाईक गुरुवारचे, काही महिनाभर मासे वर्ज्य करणारे, कुणाकडे चंपाषष्ठीपर्यंत खंडोबाचं नवरात्र. साडू कालनिर्णय भिंतीवरून उतरवून घेतात आणि एखाद्या प्रकल्पाचं वेळापत्रक आखावं तसे पेन्सिलीने खुणा करत बसतात. एवढ्या चाळणीतून खाली उतरतात ते आम्ही. आमची भक्ती कमी आहे हे असं दरवर्षी जाहीर होतं.

मासळीबाजारात ते स्वतः जातात, कारण ‘सोर्सिंग’ हाच खरा स्वयंपाक. पापलेट ते घेत नाहीत. २०२३ साली राज्य सरकारने पापलेटाला राज्यमासा ठरवलं, त्याची संख्या घटते आहे, आपण जबाबदार नागरिक आहोत. हे भाषण मी सिटीलाइट मार्केटमध्ये, ओल्या फरशीवर, बर्फाच्या पाट्या चुकवत ऐकलं आहे. (बुधवारी घरात पापलेट तळलेलं असतं. ते ताईने आणलेलं असल्यामुळे त्याची जबाबदारी साडूंवर येत नाही.) मग ते कोळणीपुढे वाकतात, रावसाच्या डोळ्यात डोळे घालून पाहतात, कल्ला उचलतात आणि म्हणतात, “मावशी, फिले करून द्या. स्किन ऑन.” मावशी कोयत्यावरचा हात न हलवता त्यांच्याकडे बघतात. “दादा, वहिनींना फोन लावून द्या.”

फोन लागतो. दोन बायका अर्ध्या मिनिटात बोलून घेतात. त्या अर्ध्या मिनिटात किंमत उतरते, माशाची बाजू बदलते, खवले साफ निघतात पण कातडी राहते, मधला काटा वेगळा होतो आणि डोकं नीट दोन भाग करून पिशवीत पडतं. साडू तेवढ्यात पिशवीचा फोटो काढतात.

डोक्यावरून घरी भांडण ठरलेलं. साडूंना डोकं आणि काटा फ्रेंच पद्धतीच्या स्टॉकसाठी हवा असतो, माईंना, म्हणजे त्यांच्या आईंना, कालवणासाठी. माई मूळच्या मालवणच्या, वय ऐंशीच्या घरात, दात मोजके पण मत पूर्ण. शेवटी काटा स्टॉकला जातो आणि डोकं माईंकडे. या वाटणीत कोण जिंकलं हे मासे खाणाऱ्यांना सांगायला नको.

संत्र्यांचा विषय निघाला की मात्र ताईचा आवाज बदलतो. आमच्या बायकांचं माहेर वरूडचं, अमरावती जिल्ह्यातलं, घरामागे संत्र्याची बाग. पहिल्या वर्षी साडूंनी नाक्यावरच्या फळवाल्याकडून घट्ट सालीची, चकचकीत केशरी फळं आणली होती. ताईने ती लांबूनच ओळखली. तो किन्नू होता, पंजाबकडचा. १९१५ साली कॅलिफोर्नियात दोन जातींच्या संकरातून निघालेलं फळ. चवीला वाईट नाही, रसही भरपूर. पण नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ज्या घरात त्या मातीतली मुलगी दिली आहे तिथे किन्नू आणणं म्हणजे सासरच्यांना तोंडावर बोलणं. तेव्हापासून आंबिया बहाराची एक पेटी दर डिसेंबरात वरूडहून येते.

पेटी आली म्हणून प्रश्न सुटत नाही. साडू पूर्वतयारीचे भक्त. एका वर्षी त्यांनी शनिवारी रात्रीच सगळा रस काढून, गाळून, बाटलीत भरून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून फ्रिजमध्ये ठेवला. नागपुरी संत्र्याचा रस असा ठेवला की कडू होत जातो. फळातलं लिमोनिन रस काढल्यावर हळूहळू तयार होतं, त्याचा हा प्रताप. वरूडच्या पोराला लिमोनिन ठाऊक नसतं, रस काढला की लगेच पिऊन टाकायचा एवढं ठाऊक असतं. रविवारी सकाळी साडूंनी बाटली चाखली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. पेटीतली उरलेली संत्री पुन्हा सोलायला घरातली सगळी माणसं बसली.

सजावटीला संत्र्याच्या बिनपापुद्र्याच्या फोडी लागतात. व्हिडिओतला फ्रेंच आचारी धारदार सुरीने घट्ट फळाची साल कापून अलगद फोडी काढतो. आपलं संत्रं सैल सालीचं. सुरी लावली की साल एकीकडे, फळ दुसरीकडे, रस मनगटावरून कोपरापर्यंत. साडूंची सुरी जपानी आहे, तिला स्वतःची लाकडी पेटी आहे, आणि तिला हे जमत नाही. माई कोपऱ्यात बसून नातवंडांना भरवताना सोलायच्या तशा नखाने पाकळ्या सोलतात. वाटी भरली की साडू त्यातल्या सहा चांगल्या निवडतात आणि चिमट्याने उचलून कागदावर मांडतात. चिमटा खास त्यासाठी घेतलेला.

आता मुख्य प्रयोग. बारीक चिरलेला छोटा कांदा, नाशिकची पांढरी वाइन आणि संत्र्याचा रस मंद आचेवर आटवायचा, कपाचा पाव कप होईपर्यंत. आटताना गोडवा वाढतो, म्हणून वर कागदी लिंबू. मग थंडगार बिनमिठाच्या बटरचे चौकोनी तुकडे एकेक करून त्यात फेटायचे. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं मुख्यतः पाणी. फेटून फेटून त्या दोघांचं पटवून द्यायचं आणि पटलं की सॉस दाट, मखमली होतो. तापमान ५८-६० अंशांच्या वर गेलं की फारकत. तूप वर, आंबट पाणी खाली. यासाठी साडूंकडे पिस्तुलासारखा थर्मामीटर आहे. तो ते सॉसवर, तव्यावर, ताईच्या चहावर आणि एकदा अनवधानाने माझ्यावर रोखून असतात.

“पंचावन्न! छप्पन्न! अगं, गॅस, गॅस!”

त्यांच्या स्वयंपाकात गॅस कमी-जास्त करणारं माणूस वेगळं असतं, हे सांगायचं राहिलं. वाटी देणारं, पुसणारं, घड्याळ बघणारं अशी एकूण चार माणसं लागतात. ते स्वतः फेटतात आणि बोलतात.

माई बाजूला उभ्या राहून बघतात. त्यांचा आधीचा आक्षेप वेगळाच होता. माशाबरोबर दूध म्हणजे विरुद्ध आहार, अंगावर कोड उठतं. साडूंनी त्यांना समजावलं की हे दूध नाही, बटर आहे. “लोणी काय झाडाक लागता?” असं विचारून माईंनी तो वाद संपवला. पण सॉसच्या कडेला तुपाचे थेंब दिसू लागले, थर्मामीटर एकसष्ट दाखवू लागला आणि साडूंचा आवाज चढला, तेव्हा त्याच माई पुढे झाल्या. पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं, चमचाभर गार पाणी घातलं, म्हणाल्या, “फेट आता. सोलकढी कोणी उकळता काय रे?”

फेटला, आणि सॉस पुन्हा जुळून आला. सोलकढी म्हणजे तरी काय, नारळाचं दूध आणि कोकमाचं आगळ. स्निग्ध, पाणी आणि आंबट. आच लागली की फाटणार म्हणून विस्तवापासून दूर ठेवायचं. क्लेमांसबाईंचा सगळा शोध माई रोज दुपारी पेल्यात ओतून देत होत्या. साडूंनी हे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि वहीत लिहिलं, ‘गार पाणी, १ चमचा.’ कोणी सांगितलं हे लिहायला जागा नव्हती.

मासा त्यामानाने लवकर होतो, आणि खरं सांगायचं तर साडू तो चांगला करतात. कातडी कागदाने टिपून कोरडी ठणठणीत, तवा पुरेसा तापलेला, तुकडा कातडीच्या बाजूने खाली, पहिले काही क्षण उलथन्याने दाबून धरायचा म्हणजे आक्रसत नाही, आणि मग हात लावायचा नाही. हा हात न लावण्याचा भाग त्यांना फार जड जातो. तेवढ्या वेळात ते ताईला सूचना देतात.

जेवणाच्या टेबलावर पंखा बंद. गरम केलेल्या प्लेटा गार होतात म्हणून. (प्लेटा ओव्हनमध्ये तापवायच्या असतात. त्यासाठी आधी ओव्हनमधले पापडांचे डबे, इडलीपात्र आणि जुने टपरवेअर बाहेर काढावे लागतात, ते संध्याकाळभर सोफ्यावर.) मुंबईच्या थंडीत आम्ही घाम पुसत बसतो आणि स्वेटर घातलेले साडू एकेक प्लेट आणून ठेवतात. प्लेट परातीएवढी. मधोमध तुकडा, तळहाताएवढा. खाली केशरी-पिवळ्या सॉसचं तळं, वर दोन पाकळ्या, कोथिंबिरीचं एकच पान. कोणी बोलत नाही. दरवर्षी माझे सासरे, वरूडचे, वय त्र्याऐंशी, हळूच विचारतात, “भात मागून येते ना?”

आणि इथेच या माणसावर नीट रागावता येत नाही. पदार्थ उत्तम झालेला असतो. कातडी कुरकुरते, आतला मासा पाकळी पाकळीने सुटतो, सॉस आधी गोड लागतो, मग आंबट, मग सालीचा जरासा कडवटपणा, आणि बटर ते सगळं जिभेवर थांबवून ठेवतं. सासऱ्यांनी गेल्या खेपेला भाताचं विचारून झाल्यावर प्लेट बोटाने पुसली. माईंनी ‘बरा झाला’ म्हटलं, आणि माईंच्या तोंडून ‘बरा’ निघायला मालवणात लोकांचं आयुष्य जातं. साडूंचे वडील चहाची कपबशीही उचलून ठेवत नसत. त्यांचा मुलगा चार तास उभा राहून दहा माणसांना रांधून वाढतो. ओट्यावर मग काहीही सांडलेलं असो.

सांडलेलं बरंच असतं. भांडी घासणं पाककलेत मोडत नाही, असं साडूंचं मत आहे. सोमवारी सकाळी कामाच्या मावशी दारातूनच विचारतात, “वहिनी, काल कुणाचं लग्न होतं?” माईंचं कालवण मात्र तोवर मुरलेलं असतं आणि भातही असतो. त्या जेवणाला साडू गुपचूप दोनदा वाढून घेतात.

“हा पदार्थ फक्त डिसेंबरचा,” पाहुण्यांना निरोप देताना ते जिन्यात सांगत असतात, “संत्र्याचा मोसम गेला की संपलं, मग वर्षभर वाट पाहायची.” ताई मागे उभी राहून मान डोलावते. वरूडच्या बागेत मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा उतरतात, ती आंबियापेक्षाही गोड असतात, आणि धाकटा मेव्हणा दर फेब्रुवारीत पेटी पाठवू का म्हणून विचारतो. ती पेटी आमच्याकडे येते. साडूंना कोणी काही बोलायचं नाही, असं दोन्ही बहिणींचं ठरलेलं आहे, आणि सासरेही त्यात सामील आहेत.