दीड दिवसाचं सार्वभौमत्व

तालुक्याच्या कॉलेजात मराठीचे सर कविता करतात, अर्थशास्त्राचे सर प्लॉट घेतात आणि विकतात, इंग्रजीचे सर पुण्याहून अप-डाऊन करतात आणि राज्यशास्त्राचे सर ‘आपण उभं राहावं का’ या विचारात असतात. आमचे सर अख्खी नोकरी याच विचारात होते. मुलं त्यांना पाठीमागे ‘महामहिम’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि माझ्या अंदाजाने आवडतही होतं.

हजेरीपटावर एकशेवीस नावं, वर्गात नऊ डोकी. त्यातली सहा एमपीएससीवाली, ‘सर, हे परीक्षेत विचारतात का?’ एवढंच विचारायला आलेली. तरी राज्याचे चार घटक फळ्यावर लिहिताना सर खडू मोडेस्तोवर जोर लावत. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व. चौथ्याखाली दोन रेघा. त्या रेघा पट्टीने वहीत उतरवून घेणारी पुढच्या बाकावरची मुलं आज सेट-नेट होऊन तासिका तत्त्वावर राबताहेत. मागच्या दाराने कँटीन गाठणाऱ्यांपैकी एक नगरसेवक झाला, एक बाजार समितीत संचालक झाला आणि एक थेट पंचायत समितीचा सभापती. सत्काराच्या दिवशी सभापती सरांच्या पाया पडले आणि माइकवर म्हणाले, ‘सरांनी शिकवलेलं मी आजही विसरलेलो नाही.’ खाली उतरल्यावर सरांनी त्याला बाजूला घेतलं. ‘काय रे, नेमकं काय लक्षात आहे?’

‘पंच्याहत्तर टक्के हजेरी, सर.’

मॅकियाव्हेली हा सरांचा हळवा कोपरा. फ्लॉरेन्सच्या सरकारी कचेरीत चौदा वर्षं इमानाने काम केलं, १५१२मध्ये सत्ता पालटली तशी नोकरी गेली, वर तुरुंगात छळ झाला. मग गावाकडे बसून त्याने ‘द प्रिन्स’ लिहिलं आणि ज्या मेदिची घराण्याने हाकललं त्याच घराण्यातल्या लोरेन्झोला अर्पण केलं. म्हणजे जगातला सत्तेवरचा सर्वांत गाजलेला ग्रंथ हा मुळात नोकरीचा अर्ज. तो नामंजूर झाला हे सांगताना सरांचा आवाज बसायचा. सरांनीही आपलं क्रमिक पुस्तक संस्थेच्या अध्यक्षांना अर्पण केलं. अध्यक्षांनी अर्पणपत्रिका वाचून विचारलं, ‘किती प्रती खपवायच्या?’ मेदिचींनी तेवढंही विचारल्याची नोंद नाही.

सार्वजनिक सेवा हा सरांच्या बायोडेटातला सगळ्यात लांब रकाना. बहिःशालची व्याख्यानं, पोलीस ठाण्याची शांतता समिती, २५ जानेवारीला मतदार दिनाची शपथ, २६ नोव्हेंबरला प्रास्ताविकेचं सामूहिक वाचन. शांतता समितीत चहा आला की पीआयसाहेब म्हणत, ‘आता सरांचं मार्गदर्शन घेऊ, थोडक्यात.’ त्यातल्या ‘थोडक्यात’वरच जोर असे. सर मात्र पंचायत राजच्या बलवंतराय मेहता समितीपासून सुरू करत, म्हणजे १९५७पासून. १९९३पर्यंत येईस्तोवर बिस्किटं संपलेली असत.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर सरांचा इतका जीव की राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ते मुलांना घेऊन खऱ्या ग्रामसभेला गेले. मंदिरासमोर सतरंजी, सतरंजीवर चाळीसेक माणसं आणि एक कुत्रं. सरांनी डोकी मोजली आणि उठून जाहीर केलं की पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती झाल्याशिवाय सभा चालू शकत नाही. सरपंचबाईंनी ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवक अदबीने म्हणाला, ‘बरोबर आहे, सर. पण ही तहकूब सभा आहे. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पहिली आम्ही तहकूब करायलाच बोलावतो.’

सर मटकन बसले. दुसरा कोणी असता तर खजील होऊन घरी गेला असता. सरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि एपीआयचे गुण वसूल केले. २०१०च्या यूजीसी नियमांनी पदोन्नतीला गुणांचा हिशेब लावल्यापासून सरांच्या कोणत्याही अपमानातून किमान एक शोधनिबंध निघायचाच. त्याच काळात त्यांनी चर्चासत्रंही भरवली. चर्चासत्र राष्ट्रीय ठरावं म्हणून पणजीहून एक वक्ता आणला; पुढच्या वर्षी ते आंतरराष्ट्रीय ठरावं म्हणून पुण्यात शिकणारा एक नेपाळी विद्यार्थी. त्या बिचाऱ्याचा विषय प्राणिशास्त्र होता. त्याने राजेशाहीवर दोन शब्द बोलून पनीरची भाजी खाल्ली आणि स्मृतिचिन्ह घेऊन गेला.

‘उभं राहण्या’चं म्हणाल, तर सर एकदा अधिसभेला उभे राहिले आणि पडले. तेव्हापासून निवडून येणं हा लोकशाहीचा हीन प्रकार आहे असं त्यांचं मत झालं. त्यांची नजर विधान परिषदेकडे वळली. जागा अठ्ठ्याहत्तर; त्यात शिक्षकांच्या सात, पदवीधरांच्या सात आणि राज्यपालनियुक्त बारा. कलम १७१ सरांना तोंडपाठ होतं: साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ, समाजसेवा. त्यात शिक्षण नाही ही घटनाकारांची चूक सरांनी आपल्या परीने भरून काढली. क्रमिक पुस्तक म्हणजे साहित्य, पगारदारांच्या पतसंस्थेचं संचालकपद म्हणजे सहकार, शिबिरातला शोषखड्डा म्हणजे समाजसेवा. नोव्हेंबर २०२०मध्ये बारा नावांची यादी राजभवनात गेली आणि तिथेच राहिली. आम्हाला वाटलं, सर संतापतील. सर उलट खुलले. यादी अडकली आहे तोवर आपण तिच्यात नाही, हे सिद्ध होत नव्हतं ना! ऑक्टोबर २०२४मध्ये सात जणांनी शपथ घेतली, तेव्हा सर वर्तमानपत्र घडी करत म्हणाले, ‘पाच उरल्या.’

पण खरं सार्वभौमत्व सरांनी भोगलं ते निवडणुकीच्या ड्यूटीवर. ड्यूटीचे आदेश आले की स्टाफरूममध्ये अचानक रक्तदाब वाढतो, मणके सरकतात, दूरच्या आत्या अत्यवस्थ होतात. एकटे सर तहसीलमध्ये जाऊन ‘माझं नाव सुटलं तर नाही ना?’ अशी चौकशी करून येत. बाकीचे रात्रीचा मुक्काम कुठे, या चिंतेत; सर प्रशिक्षणात नियम ४९-एम वर शंका विचारण्यात.

केंद्राध्यक्ष म्हणून गळ्यात ओळखपत्र आलं की सरांची चालच बदले. जिल्हा परिषदेच्या शाळेत, पाढ्यांच्या तक्त्याखाली, छोट्या बाकावर गुडघे मुडपून बसलेला हा माणूस त्या दीड दिवसापुरता भारतीय प्रजासत्ताक असे. पहाटे प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, पन्नास मतं मोजून. पन्नास म्हणजे पन्नास. एकोणपन्नासाव्यानंतर कुणी ‘चला, झालं’ म्हणालं की सर त्याच्याकडे हुकूमशहाकडे पाहावं तसं पाहत.

अशाच एका निवडणुकीत बाजार समितीवाला जुना विद्यार्थी चार माणसं घेऊन, मोबाइल कानाला लावून दारात आला. सरांनी हात आडवा केला. ‘मोबाइल बाहेर. माणसं बाहेर. ओळखपत्र?’

‘सर, मला ओळखत नाही?’

‘ओळखतो. म्हणूनच मागतोय.’

संचालक गाडीपर्यंत गेले, कार्ड आणलं, रांगेत उभे राहिले. म्हातारी माणसं रांगेतून वळूनवळून बघत होती. सर नमुना १७-ए मध्ये डोकं खुपसून बसले होते, पण कान लाल झालेले दिसत होते. रात्री साहित्य जमा करायच्या मांडवात मात्र मध्यरात्र उलटली. टेबलामागच्या पोराने सरांचे लिफाफे पत्त्यांसारखे पिसले आणि त्यातला एक भिरकावत म्हणाला, ‘ओ मास्तर, सही कुठाय?’ प्रजासत्ताकाने निमूट खिशातून पेन काढलं.

सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या केंद्रावर केंद्राध्यक्ष म्हणून मलाच ड्यूटी लागली. सर इस्त्रीचं जाकीट घालून आले, ओळखपत्र आधीच हातात. ‘मॉक पोल किती मतांचा?’ ‘पन्नास, सर.’ ‘१७-सी कोरे ठेवलेत ना?’ ‘हो, सर.’ मग शाईचं बोट हवेत धरून ते पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. यंत्रासमोरून लवकर हलेनात. रांग कुजबुजू लागली. एका बाईंनी आवाज दिला, ‘अहो काका, झालं का?’

आतून उत्तर आलं, ‘चिठ्ठी सात सेकंद दिसते. पाचच झालेत.’