मुख्याध्यापकांना घर असतं

मुख्याध्यापक या प्राण्याला घर नसतं, अशी आमच्या पिढीची पक्की समजूत होती. ते सकाळी शाळेच्या भिंतीतून उगवत आणि शिपायाने शेवटचं कुलूप लावलं की त्याच भिंतीत मावळत. आमच्या मुख्याध्यापकांना मी लहानपणी साताऱ्याच्या मंडईत घेवड्याचा भाव करताना पाहिलं, तेव्हा देवाला न्हाव्याच्या खुर्चीत पाहिल्यासारखा हादरलो होतो. पुढे मीच मुख्याध्यापक झालो आणि समजुतीला तडा जाऊ दिला नाही. भाजीला बायको जायची. नव्या वर्षाच्या पहिल्या भाषणात मी शिस्त, गणवेश आणि दहावीचा निकाल या तीनच विषयांवर बोलायचो. मला दोन मुली आहेत हे आमच्या शिपायालासुद्धा थोरलीच्या लग्नाची पत्रिका हातात पडली तेव्हा कळलं.

त्यामुळे कॅलिफोर्नियात धाकट्या मुलीकडे गेलो असताना नातीच्या शाळेचं पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. ऑगस्टात तिथल्या शाळा उघडतात. शाळेच्या नव्या प्रिन्सिपल बाईंनी पालकांना आपली ओळख करून दिली होती. कागदाच्या एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. आईवडील मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातून आले. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. नवरा, दोन मुलगे, एक कुत्रा. रविवारी सगळा गोतावळा आईकडे जमतो आणि पोसोले, म्हणजे मक्याचे टपोरे दाणे घातलेला मांसाचा रस्सा, होतो. आमच्या घरची मूल्यं कष्ट, मान आणि कुटुंब. कुत्र्याचं नावही दिलं होतं. टाको.

वर्षानुवर्षं शिक्षकांची टाचणं तपासलेला माणूस मी. मनातल्या मनात लाल पेन निघालंच. शैक्षणिक अर्हता शेवटच्या ओळीत, तीही उरकल्यासारखी. सेवाज्येष्ठतेचा पत्ता नाही. आमच्याकडे एखाद्या मुख्याध्यापकाने पालकांना पत्र पाठवून आपल्या कुत्र्याचं नाव भाकरी असल्याचं कळवलं असतं, तर संस्थेने तातडीची सभा लावली असती.

शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि नातीला सोडायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. गाव सांता आना. ऑरेंज काउंटीतलं, नावाप्रमाणे एकेकाळी संत्र्यांच्या बागांचा मुलूख. आता बागा गेल्या, पण त्या बागांत राबलेल्यांची नातवंडं-पतवंडं राहिली. गावाची पाऊण वस्ती लॅटिनो, त्यातही बहुतेक मेक्सिकन वंशाची. फाटकात भगव्या जाकिटात, हातात वॉकीटॉकी घेऊन एक बुटक्या बाई उभ्या असत. मोटारी रांगेने येत, त्या दार उघडत, पोराला नावाने हाक मारून उतरवून घेत, दप्तराची चेन उघडी असेल तर लावत. मी त्यांना पहारेकरी समजलो नाही, एवढंच माझं शहाणपण. कारण याच त्या प्रिन्सिपल बाई, असं नातीने लांबूनच सांगून ठेवलं होतं, आणि मीही मुख्याध्यापक होतो हे तिकडे सांगून ठेवलं होतं.

"माएस्त्रो," म्हणजे गुरुजी, असं म्हणत त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मग गाव कुठलं, आई किती वर्षांची होऊन गेली, भावंडं किती, पाठची बहीण कुठे दिली, असे प्रश्न सुरू झाले. शिक्षण खात्याने मला आयुष्यात इतकं विचारलं नव्हतं. मागे मोटारींची रांग लागली होती, पण कुणी हॉर्न वाजवला नाही.

त्यानंतर ओळख वाढली ती व्हिक्सवरून. नातीला सर्दी झाली होती. तिकडे शाळेत डॉक्टरच्या कागदाशिवाय साधी तापाची गोळीसुद्धा देत नाहीत. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "रात्री तळपायाला व्हिक्स लावा आणि वर मोजे घाला. हे प्रिन्सिपल म्हणून सांगत नाहीये." म्हटलं, आमच्याकडेही हेच करतात, शिवाय छातीला आणि नाकाखाली. त्यांची आजी म्हणे गुडघ्यापासून घरच्या भांडणापर्यंत सगळ्यावर व्हिक्सच लावायची. लहान मुलाला दृष्ट लागली तर अंडं अंगावरून उतरवून पेल्यातल्या पाण्यात फोडायची आणि त्यात काय दिसतं ते वाचायची. मी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांची पद्धत सांगितली. मिरची विस्तवावर टाकून खोकणारे आम्ही, ती त्यांच्याच मुलखातून पोर्तुगीज जहाजांवरून आमच्याकडे आली; दृष्टीच्या कामाला तिला आम्ही लावलं. हे मात्र बाईंना फार आवडलं. आजीच्या चपलेची गोष्टही त्यांनी पालकसभेत सांगितली होती. पायातली चप्पल फेकून मारण्यात मेक्सिकन आज्यांचा नेम जगात कुणाला जमत नाही म्हणतात. सगळे हसले. मी आपला छताकडे पाहत बसलो, कारण माझा नेम डस्टरचा होता.

त्यांच्या खोलीच्या दारावरच्या पाटीत दोन आडनावं होती, एक वडिलांचं आणि एक आईचं. मेक्सिकोत हीच रीत आहे, आणि लग्न झालं म्हणून बाई नाव बदलत नाही. हे ऐकून माझ्यातला कारकून खिन्न झाला. जनरल रजिस्टरातली नावं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची नावं, लग्नानंतरची गॅझेटं, वडिलांच्या नावातली वेलांटी, यात माझ्या किती दुपारी गेल्या! अमेरिकेत मात्र त्या दोन आडनावांची पंचाईत होते. अर्जात रकाना एक, मग आईचं तरी गळतं नाहीतर मधलं नाव होऊन बसतं. बाईंनी दोन्ही ठेवली होती. "आई चौदा-चौदा तास शिवणयंत्रावर बसली, तिला रकान्यात जागा नाही म्हणून कसं चालेल?" एवढंच म्हणाल्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेक्सिकन माणसं आपल्या गेलेल्यांना घरी बोलावतात. शाळेच्या दर्शनी खोलीत टेबलं चढत्या पायऱ्यांसारखी मांडली होती, वर कातरलेल्या रंगीत कागदांची तोरणं, मेणबत्त्या (विजेच्या, कारण नियम), गोड पाव, मीठ, पाण्याचा पेला, आणि झेंडूच झेंडू. झेंडू मूळचा तिकडचाच. दसऱ्याला दारात तोरण बांधताना हे आपल्या गावीही नसतं. पित्रांच्या पानाची सवय असल्यामुळे मला काहीच परकं वाटलं नाही. फक्त आपल्याकडे पितर कावळ्याच्या रूपाने येऊन वेळेत जेवून जातात, तिकडे त्यांना रात्रभर मुक्कामाला ठेवून घेतात. मुलांनी आपापल्या आजी-आजोबांचे फोटो आणले होते, कुणी मेलेल्या हॅमस्टरचाही. बाईंच्या आजोबांचा फोटो मधोमध, रुंद हॅटमध्ये. त्यांना मद्य आवडायचं, पण शाळा असल्यामुळे समोर कोकची बाटली ठेवली होती. "समजून घेतील," बाई म्हणाल्या.

फोटोला टेकून एक खोरं उभं होतं. मी ते हातात घेतलं. लोखंड नेहमीसारखंच, दांडा मात्र जेमतेम हातभर. आधी वाटलं, मुलांसाठी छोटं केलं असेल. ते खरं होतं, वापरून दांडा गुळगुळीत झालेलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शेतावर माणसं कमी पडली, तेव्हा १९४२ साली मेक्सिकोशी करार करून मजूर आणायला सुरुवात झाली. ब्रासेरो म्हणत त्यांना. १९६४ पर्यंत असे सुमारे ४६ लाख करार झाले. एकेक माणूस पुन्हा पुन्हा येई. बाईंचे आजोबा त्यातले. आमच्याकडे खुरपणी बसून होते, बाया पातीला लागल्या की गप्पाही चालतात. हे खोरं उभ्याने, कमरेत दुमडून चालवायचं, दिवसभर. लांब दांड्याचं का नाही, तर रोपाला इजा होते, असं मळेवाले सांगत. मजूर दुसरं कारण सांगत: कुणाची पाठ सरळ झाली की काम थांबलं, हे मुकादमाला बांधावरून दिसतं. कॅलिफोर्नियात त्यावर बंदी आली ती १९७५ साली. फोटोत आजोबा खुर्चीवर बसले आहेत, तरी पुढे झुकलेले.

मग या गावच्या शाळांची गोष्ट बाईंनी सांगितली, भिंतीवरचं पोस्टर दाखवत. १९४० च्या दशकात शेजारच्या वेस्टमिन्स्टर गावात सोलेदाद विदाउरी नावाची बाई स्वतःची मुलं आणि भावाची मुलं घेऊन शाळेत नाव घालायला गेली. तिची मुलं उजळ, आडनावही युरोपी वळणाचं; त्यांना प्रवेश मिळत होता. भावाची मुलं सावळी, आडनाव मेंडेझ. त्यांनी मेक्सिकनांच्या शाळेत जावं, असं सांगण्यात आलं. आत्याबाईंनी सगळी मुलं उचलली आणि घरी आणली. ही आत्या मला फार आवडली; प्रवेशाच्या दिवशी अशी आत्या समोर आली तर कुठल्याही मुख्याध्यापकाने खुर्ची सोडून उभं राहावं. भाऊ, गोन्झालो मेंडेझ, तेव्हा एका जपानी कुटुंबाची जमीन खंडाने कसत होता. ते कुटुंब जपानी म्हणून ॲरिझोनातल्या छावणीत डांबलेलं. शेताच्या उत्पन्नातून त्याने वकील दिला, आणखी चार बाप जोडीला घेतले आणि १९४५ साली चार शाळा-मंडळांवर खटला भरला. तो कोर्टकचेऱ्या करत असताना मळा बायकोने, फेलिसितासने, सांभाळला. मंडळांचं म्हणणं, या मुलांना इंग्रजी येत नाही. साक्षीला उभी राहिलेली चौदा वर्षांची मुलगी स्वच्छ इंग्रजीत बोलली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी निकाल मेंडेझच्या बाजूने लागला, पुढल्या वर्षी अपिलातही टिकला, आणि राज्यपाल अर्ल वॉरन यांनी वेगळ्या शाळांची कायद्यातली उरलीसुरली तरतूद काढून टाकली. हेच वॉरन १९५४ साली सरन्यायाधीश म्हणून काळ्यागोऱ्यांच्या वेगळ्या शाळा साऱ्या देशात घटनाबाह्य ठरवणार होते. थोरली मुलगी सिल्व्हिया पुढे परिचारिका झाली. २०११ साली तिला राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळालं. तिच्या आईवडिलांच्या नावाची शाळा सांता आनातच आहे.

साताऱ्याच्या माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं, ती आमच्या राजवाड्याजवळ आहे. बसायला घरून गोणपाट न्यावं लागे, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी गोणपाट म्हणजे कसलं, जाड की पातळ, रोज घरी न्यावं लागे का, असं सगळं विचारून घेतलं.

घरी येऊन पत्र पुन्हा वाचलं. फ्रिजवर चुंबकाखाली ते अजून होतंच. मागच्या स्पॅनिश बाजूलाही आता मान द्यावासा वाटला. याच कॅलिफोर्नियाने १९९८ साली मतदान घेऊन द्विभाषिक वर्गांना जवळजवळ कुलूप लावलं होतं आणि २०१६ साली पुन्हा मतदान घेऊन ते काढलं. ज्या आडनावावरून कधीकाळी शाळेचं दार ठरायचं, तशी दोन आडनावं प्रिन्सिपलच्या सहीत येतात, आणि वर पोसोले, आई, कुत्रा. पहिल्या दिवशी बिचकत फाटकात आलेल्या आईला अर्हतेपेक्षा तेवढंच उपयोगी पडत असणार. तरी कुत्र्याचं नाव हवंच होतं का, यावर माझं मत राखून ठेवतो.

आणि शाळेत घर आणायचं नाही हे मी कुणाकडून शिकलो, कुणास ठाऊक. साताऱ्यात राहून तसं म्हणायची सोय नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचं सोनं आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. त्या घरात शाळा कुठे संपत होती आणि संसार कुठे सुरू होत होता, हे शोधून काढणं कुठल्याही तपासनिसाला जमलं नसतं.

जानेवारीत बाईंनी मला आठवड्यातून एकदा पहिलीच्या मुलांना गोष्टी सांगायला बोलावलं. त्यासाठी बोटांचे ठसे, क्षयरोग नसल्याचा दाखला आणि एक अर्ज. अर्जात 'तुमची ओळख' असा रकाना. मी लिहिलं: एम.ए., बी.एड., निवृत्त मुख्याध्यापक. नातीने वाचून परत केलं. "आजोबा, हे कुणी विचारलंय? तुम्हाला ठेचा आवडतो ते लिहा. आजीला घाबरता ते लिहा." ठेचा लिहिला. दोन मुली लिहिल्या, नावांसकट. कुत्रा नाही, तिथे रेघ मारली. 'घरची मूल्ये' या रकान्यात दोन दिवस अडलो. मुलगी म्हणाली, 'चिकाटी' लिहा. बायको म्हणाली, त्याला आमच्या घरात हट्ट म्हणतात. शेवटी दोन्ही लिहिलं. बाईंना कुठलं पटतं ते त्या ठेवून घेतील.