बसणार कोण?

अंड्यांसाठी कोंबडी निवडणं हे काम दिसतं तितकं साधं नाही. पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीत, पडवीच्या कठड्यावर टेकून, मुंबईहून आलेला पुतण्या मोबाइलवरची यादी वाचू लागला की नावांनीच माणूस दबून जातो. गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया, कावेरी. एखाद्या संस्थानाची वंशावळ चालली आहे असं वाटावं. गिरिराज बंगळुरूचा, वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधनातून आलेल्या. मधेच झाबुआचा कडकनाथ डोकावतो. पिसं, पाय, मांस, सगळं काळं. अंडं मात्र फिकट बदामी.

मग आकडे सुरू होतात. वनराजा वर्षाला शंभराच्या आसपास, ग्रामप्रिया दीडशेच्या पुढे, पिंजऱ्यातली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात. ऑस्ट्रेलियात ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प जातीच्या एका कोंबडीनं तर १९२०च्या दशकात ३६५ दिवसांत ३६४ अंडी घातल्याची नोंद आहे. हे वाचल्यापासून माझं मन त्या उरलेल्या एका दिवसाभोवतीच घुटमळतं. काय केलं असेल तिनं त्या दिवशी? मनसोक्त धुळीत लोळली असेल, की एक पाय पोटाशी घेऊन नुसतीच उन्हात उभी राहिली असेल? आणि रिकामी टोपली हातात धरून मालकानं तिच्याकडे कसं पाहिलं असेल?

यादीच्या तळाशी आपली गावठी. साठेक अंडी. हा आकडा पुतण्या जरा आवाज उतरवूनच वाचतो, नापास झालेल्या घरच्या मुलाचे गुण सांगावेत तसा. पण तिचं वर्ष जवळून पाहावं. दहा-बारा अंडी झाली की बाई खुडूक होते. टोपलीतल्या पेंढ्यावर २१ दिवस बसते. दिवसातून एखाद्या वेळी उठायचं, चार दाणे टिपायचे, घोटभर पाणी प्यायचं, की पुन्हा जागेवर. चोचीनं एकेक अंडं हलकेच उलटवायचं, कडेचं मधे ओढायचं. कुणी हात पुढे केला तर सगळी पिसं फुगवून आहे त्याच्या दुप्पट व्हायचं. पुढे पिल्लांमागे दोन-अडीच महिने जातात. आभाळात घार दिसली की तिच्या घशातून एक निराळाच आवाज निघतो आणि अंगणभर पांगलेली पिल्लं क्षणात तिच्या पंखांखाली गुडूप होतात. हिशेबाच्या वहीत या साऱ्या दिवसांसमोर एकच नोंद: अंडी, शून्य.

माणसानं जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या पिढ्यान् पिढ्या निवडल्या, त्या निवडीतच हे बसणं गळून गेलं. बसलेली कोंबडी अंडी घालत नाही, मग बसणारी हवीच कशाला? गंमत अशी की लेगहॉर्न आणि रोड आयलंड रेड यांच्या पायांचा पिवळेपणा मूळचा राखी रानकोंबड्याकडून आलेला, असं २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. हा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला; आंबेनळीच्या घाटात पहाटे ज्याची तुटक बांग ऐकू येते तोच. म्हणजे इटलीच्या बंदराचं आणि अमेरिकेतल्या राज्याचं नाव लावणाऱ्या या बायांच्या पायांवर आपल्या जंगलाचा रंग आहे. रानातली त्याची मादी अजून झुडपाखाली मोजकी अंडी घालते आणि त्यांवर नेमानं बसते. रंग सात समुद्रांपार टिकला. बसणं तेवढं वाटेत राहून गेलं.

काकीला यातलं काही सांगावं लागत नाही. सगळी यादी तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकली आणि विचारलं, "अरं, दीडशे घालील ती. पन त्येच्यावर बसल कोन?"

"काकी, आता मशीन मिळतं त्याला."

"आन् पावसात लाईट गेली म्हंजे? तू येशील बसायला?"

पुतण्या हसला. पोलादपूरचा आषाढ आणि तिथली वीज, दोन्ही त्याला ठाऊक आहेत. तेव्हा मला कुणी विचारलंच, तर मी सांगेन की ग्रामप्रियाच घ्या. महाडच्या बाजारातून चार तलंगा आणा, मानमोडीची लस टोचून घ्या, खुराड्याची जमीन कोरडी ठेवा. अंडी भरपूर मिळतील. फक्त घेण्याआधी शेजारी एखादी गावठी आहे का ते पाहून ठेवा, आणि तिच्या मालकिणीशी भांडण असेल तर आधी ते मिटवा.