ड्रॅगनला म्हणावं, थांब जरा

'स्कायरिम' हा खेळ 2011च्या नोव्हेंबरात आला. त्यात अल्डुइन नावाचा ड्रॅगन जग संपवायला निघालेला असतो आणि त्याला आवरायचं काम आपल्याकडे असतं. माझ्या संगणकावर ते जग अजून शाबूत आहे. त्यात माझा पराक्रम काही नाही. रिव्हरवुडच्या नदीकाठचं गवत मनासारखं डोलल्याशिवाय मी गावाबाहेर पडत नाही, आणि मी गेल्याशिवाय अल्डुइनला पुढचं काही करता येत नाही. बिचारा फार सोशिक ड्रॅगन आहे.

जुन्या खेळाला नवं रूप देणाऱ्या मॉड हौशी मंडळी बनवतात आणि बहुतेक फुकट वाटतात. फुकट म्हटल्यावर आपला हात आखडत नाही. कुणाचं आकाश घ्यायचं, कुणाचं पाणी, कुणाच्या दगडांवरचं शेवाळ. कुणी तर दोर आणि साखळ्याच नव्याने घडवलेल्या असतात. हे सगळं अंगावर चढवून खेळ सुरू करायचा आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघायचं. तो आकडा म्हणजे फ्रेम रेट, सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचा हिशेब. 60 हवीत. म्हणजे एका चित्राला 16.7 मिलिसेकंद. तेवढ्यात ग्राफिक्स कार्डाने झाडं, सावल्या, पाणी आणि शेवाळ उरकायचं.

माझा नायक तासन्‌तास एका जागी उभा असतो, कारण मोजणी करायची तर दृश्य बदलून चालत नाही. आई एकदा मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, हा कधीचा झुडपाकडे तोंड करून उभा आहे. बरं नाही का त्याला?"

आता टोपलीचं घ्या. रिव्हरवुडच्या दुकानात कोपऱ्यात एक वेताची टोपली असते. तिच्यात कुणी डोकावत नाही. या टोपलीसाठी 4के टेक्श्चर मिळतं. टेक्श्चर म्हणजे वस्तूवर गुंडाळायचं चित्र. 4के म्हणजे 4096 बाय 4096, एकूण 1 कोटी 67 लाख ठिपके. माझा मॉनिटर फुल एचडी, त्याच्यावर एकंदर ठिपकेच 20 लाख 73 हजार. थोडक्यात, टोपली मॉनिटरच्या आठपट. आणि ती दिसते अंगठ्याएवढी! शिवाय एका चित्राने भागत नाही. वेताचे उंचवटे उठून दिसावेत म्हणून तेवढंच दुसरं लागतं. नीट दाबून बसवली तरी दोन्ही मिळून चाळीसेक एमबी होतात, आणि माझ्या जीटीएक्स 1050 टीआय कार्डाकडे मेमरी आहे सगळी मिळून 4 जीबी. अशा शंभर टोपल्या आल्या की कार्ड भरलं. डोंगर, माणसं आणि ड्रॅगन यांनी मग जायचं कुठे? ते जातात संगणकाच्या साध्या रॅममध्ये आणि गरज पडली की धापा टाकत परत येतात. आपण मान वळवतो तेव्हा खेळ आचके देतो तो याच येरझाऱ्यांमुळे. लोकांना वाटतं 2के घेतलं की मेमरी निम्मी लागेल. निम्मी नाही, चौथाई लागते. रुंदी आणि उंची दोन्ही अर्ध्या होतात ना!

गवताची गोष्ट वेगळीच. स्कायरिमच्या आयएनआय नावाच्या सेटिंग फाइलमध्ये गवताच्या दाटपणाचा एक आकडा असतो, मुळात 20. माणूस 60 करतो आणि वाट बघतो की आता रान माजेल. होतं उलटंच. आकडा वाढला की गवत विरळ, कमी केला की दाट. हे ज्याने ठरवलं त्याच्याशी मला एकदा चहा घेत बोलायचं आहे.

तरीही मोह एकच खरा: ईएनबी. बोरिस व्होरोन्त्सोव्ह या गृहस्थांनी केलेली ही करामत खेळाचा प्रकाशच बदलून टाकते. धुक्यातून किरण उतरतात, भिंतींच्या कोपऱ्यांत खरोखरीचा अंधार साचतो. शिफ्ट आणि एफ-12 दाबलं की ते सगळं बंद होतं, परत दाबलं की चालू. बंद असताना 60 फ्रेम आणि जग वरणासारखं फिकट. चालू केलं की 34 फ्रेम आणि स्वर्ग. या दोन बटणांवर माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत, आणि त्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही.

यावर भाच्याकडे उपाय तयार असतो. "मामा, नवीन कार्ड घेऊन टाक ना." त्याला काय माहीत, या खेळाला जास्त वेगही पचत नाही. वस्तूंच्या हालचालीचं गणित फ्रेम रेटला बांधलेलं आहे. 60ची मर्यादा काढून 144 फ्रेम काढायला गेलं की टेबलावरची भांडी आपोआप उडतात आणि खेळ जिथे सुरू होतो ती कैद्यांची घोडागाडी रस्त्यावर कोलांट्या मारते. डोकं उडवायला नेत असलेले कैदी वधस्तंभापर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा कमी झालं तर आचके, जास्त झालं तर कोलांट्या.

माझं मत विचाराल तर भांडीकुंडी 1केवर ठेवावीत, डोंगर आणि वाटा 2केवर, आणि उरलेलं सगळं बळ प्रकाशावर खर्चावं. डोळ्याला उजेड आधी कळतो, वेताची वीण फार नंतर. 60 आणि 34च्या मध्ये झोके घेणाऱ्या खेळापेक्षा 30वर बांधलेला खेळ केव्हाही बरा. आणि एवढं करून झालं की तो कोपऱ्यातला आकडा बंद करा. तो दिसत असेपर्यंत तुम्ही खेळत नसता, हिशेब तपासत असता.