माननीय पिवळे ठिपके यांस अनावृत पत्र

सोलापूर

माननीय पिवळे ठिपके,
स. न. वि. वि.

बऱ्याच रंगीत लेझर प्रिंटरमधून निघणाऱ्या कागदांवर आपला गुपचूप मुक्काम असतो, हे कळल्यापासून आमच्या गावच्या डीटीपीवाल्यांची झोप उडाली आहे. देह जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. निळा उजेड पाडून भिंग लावले तरच दर्शन! खोट्या नोटा छापणाऱ्यांच्या धास्तीने १९८०च्या दशकात आपला जन्म झाला. २००५ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने झेरॉक्सच्या एका प्रिंटरवरची आपली लिपी उलगडली, तेव्हा आपल्या पोटातून तारीख, वेळ आणि यंत्राचा अनुक्रमांक बाहेर पडला.

आमचे लोक घाबरले ते क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरपायी. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड सांगते. पण त्याबाबत आपण चकार शब्द काढत नाही. तसली चुगली नकाशे काढायच्या ऑटोकॅड सॉफ्टवेअरची विद्यार्थी-आवृत्ती करायची: नकाशाच्या कडांना ‘शैक्षणिक प्रत’ असा इंग्रजी शिक्का! पण निदान डोळ्यांदेखत तरी.

निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-अ म्हणते. तरी मतदानाच्या आदल्या रात्री निनावी पत्रके दाराखालून आत सरकतातच. तिथे आपली केवढी मदत झाली असती! पण हजारोंनी छापायचे तर ऑफसेट, आणि ऑफसेटवर आपला शिरकाव नाही. मग सापडणार कोण? साहेबांच्या भानगडीचा एकच कागद छापून बातमीदाराला देणारा कारकून.

२०१७ साली अमेरिकेत रिॲलिटी विनर हिने गुप्त अहवाल बातमीदारांना पाठवला. ती सापडली कचेरीतल्या छपाईच्या नोंदींवरून. पण प्रसिद्ध झालेल्या कागदावर आपणही ९ मे, ६ वाजून २० मिनिटे, अशी साक्ष घेऊन बसला होतात.

तेव्हा आपल्या मालकांना, म्हणजे प्रिंटर बनवणाऱ्या कंपन्यांना, एवढेच सांगा: आम्हाला तळाशी नाव छापायला लावणारा कायदा त्यांनीही पाळावा. आपण आत आहात, हे प्रिंटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापावे. पैसे आम्ही मोजायचे, शाई आमची खर्चायची आणि पहारा आमच्यावरच, तोही न सांगता?

कळावे, लोभ असावा.

आपला,
(नाव लिहीत नाही. पत्र रंगीत छापले आहे. अनुक्रमांक आपल्यापाशी असेलच.)