अथ युटा-पंचोद्यान व्रतविधी

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी गृहस्थाने आईवडील सहा महिन्यांसाठी आले की हे व्रत करावे. नायगारा सगळेच दाखवतात. त्याने पुण्य मिळते, पण नातेवाइकांवर छाप पडत नाही. युटा राज्यात झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स अशी पाच राष्ट्रीय उद्याने आहेत. ती पाच दिवसांत उरकणे हेच पंचोद्यान व्रत.

काळ

जुलै उत्तम. आर्चेसमध्ये तेव्हा पारा ३८ अंशांवर जातो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये हवा सुखद असते. पण सुखाने केलेल्या व्रताला फळ कसले?

साहित्य

मिनिटामिनिटाचा एक्सेल तक्ता, सात आसनी गाडी, माणशी रोज चार लिटर पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, इन्स्टंट पॉट आणि मुगाची डाळ. हॉटेलच्या खोलीत खिचडीला फोडणी देऊ नये. धुराचा भोंगा वाजला की सगळा मजला व्रतात सामील होतो.

विधी

पहिला दिवस : लास व्हेगासहून झायनकडे निघावे. युटात घड्याळ एक तास पुढे असते, त्यामुळे तक्ता पहिल्याच दिवशी कोलमडतो. दोष बायकोला द्यावा. झायनच्या मुख्य दरीत वर्षातला बराच काळ खासगी गाड्यांना मज्जाव असतो, उद्यानाच्या बसने जावे लागते. एंजल्स लँडिंगच्या कड्यावर साखळ्या धरून चढतात आणि २०२२ पासून त्याचा परवाना सोडतीने मिळतो. नंबर लागला नाही, तर खालूनच बोट दाखवून फोटो काढावा. बाबा इथे हरिहर गडाच्या पायऱ्यांची आठवण काढतील. काढू द्यावी.

दुसरा दिवस : ब्राइस कॅन्यन. काठ आठ-नऊ हजार फुटांवर असल्याने आईला धाप लागेल. नावात कॅन्यन असले तरी ही नदीने कोरलेली दरी नव्हे. खडकाच्या फटींत शिरलेले पाणी रात्री गोठून फुगते, दिवसा वितळते. वर्षातून सुमारे १८० वेळा हे चालते आणि त्यातून केशरी सुळक्यांची ही गर्दी उभी राहते. बाबा हे सगळे फलकावर वाचत थांबतील. त्यांना ओढून न्यावे. तक्त्यात ब्राइसला चाळीस मिनिटे आहेत आणि त्यांतली पंधरा पार्किंग शोधण्यात गेलेली असतात.

तिसरा दिवस : कॅपिटल रीफ. इथल्या फ्रुटा गावात मॉर्मन वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फळबागा आजही जपल्या आहेत. हंगामात जर्दाळू, पीच, सफरचंदे आपल्या हाताने तोडता येतात. बाहेर न्यायची फळे तोलून पैसे द्यायचे. आई इथे हमखास रमते. धोका वेळीच ओळखून तिला गाडीत बसवावे.

चौथा दिवस : आर्चेसमध्ये दोन हजारांवर नैसर्गिक दगडी कमानी आहेत. एक पुरे. युटाच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर मिरवणारी डेलिकेट आर्च निवडावी. जाऊन-येऊन तीन मैल, उघडा खडक, सावलीचे नाव नाही. कोणी कुरकुरल्यास सांगावे की याच उद्यानातली वॉल आर्च २००८ साली एका रात्रीत कोसळली, तेव्हा घाई रास्तच आहे.

पाचवा दिवस : कॅन्यनलँड्स. मेसा आर्चच्या सूर्योदयासाठी घरादाराला काळोखात उठवावे. तिथे तिपाया लावून छायाचित्रकार आधीच उभे असतात. सूर्यनारायणाचे दर्शन त्यांच्या कोपरांमधून घ्यावे.

निषेध

१. काळपट, खरबरीत मातीवर पाऊल टाकू नये. तिच्यात सूक्ष्म जीव नांदतात आणि एका पावलाची जखम भरायला दशके लागतात. हा निषेध मात्र थट्टेवारी नेऊ नये.

२. झायनच्या नॅरोज घळीत नदीच्या पात्रातूनच चालायचे असते. डोक्यावर निरभ्र आकाश असले तरी दूरच्या पावसाने अचानक लोंढा येतो. रेंजर नको म्हणाला, तर ‘आम्ही कोकणातले’ हा युक्तिवाद करू नये.

३. बाकावर बसू नये. बसलेला माणूस पाहू लागतो आणि पाहू लागलेला माणूस उठत नाही.

फलश्रुती

जो हे व्रत मनोभावे करतो त्याचा फोन फोटोंनी भरतो, गाडीत वाळू साठते आणि घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही. बाबा मायदेशी परतल्यावर ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर युटाचे वर्णन करतात : “रस्ते काय आहेत हो! आणि स्वच्छतागृहं? चकाचक!” यजमानाने व्रत सुफळ झाले असे समजून पुढच्या वर्षी सासू-सासऱ्यांसाठी हाच तक्ता काढावा. तोवर आईने व्हॉट्सॲपवर विहीणबाईंना कळवलेले असते : “तिसऱ्या दिवशी जर्दाळूच्या बागेत उतराल, तेव्हा जावईबापूंकडून गाडीची किल्ली आधी काढून घ्या.”