मेलची पावती

शनिवारी सकाळी काष्टीत माणूस घरात सापडणं अवघड. बाजाराचा दिवस. अशा दिवशी नाना आठच्या आत माझ्या ओट्यावर येऊन टेकले, तेव्हाच भानगड मोठी असणार हे ओळखलं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं मोबाइलची काच पुसली नि फोन माझ्या नाकापुढं धरला.

"वाच. मेलवर सरकार कर बसवतंय."

"कुठल्या मेलवर? दौंडाहून मनमाडला जाते त्या?"

"गाडी नव्हं रं! ती लिहायची मेल."

नानांनी आजवर एकही मेल लिहिलेली नाही. त्यांचा पत्ता मोबाइलवाल्या पोरानं फोन विकताना तयार केला आणि पासवर्डही बहुधा त्यालाच ठाऊक. गोठ्यात शेपूट नाही आणि पेंडीच्या भावाची काळजी! निरोपाच्या शेवटी 'वीस जणांना पाठवा' असा हुकूम होता. नानांनी चाळीस जणांना पाठवला होता. कर बसायच्या आत जेवढे जातील तेवढे घालवून टाकावेत, असा हिशेब.

मी त्यांना या अफवेची वंशावळ सांगितली. 1999 साली कॅनडात आणि मग अमेरिकेत हाच निरोप फिरला होता. '602पी' नावाचं विधेयक येतंय, दर मेलमागं पाच सेंट कापणार. विधेयक नव्हतंच. त्याला पाठिंबा देणारा म्हणून ज्या खासदाराचं नाव होतं, तोही नव्हता. तरी ऑक्टोबर 2000 मध्ये न्यूयॉर्कच्या सिनेट निवडणुकीच्या जाहीर वादात हिलरी क्लिंटन आणि रिक लाझिओ यांना त्यावर प्रश्न विचारला गेला, आणि दोघांनीही गंभीर चेहऱ्यानं विरोध नोंदवला. एरवी एकमेकांवर धावून जाणारे, पण नसलेल्या बैलाची शिंगं दोघांनी मिळून धरली.

नाना विचारात पडले. मग म्हणाले, "त्यांनी विरोध केला म्हणूनच बसला नाही कर."

यावर काय बोलणार? एप्रिल 2025 मध्ये हेच झालं. यूपीआयनं दोन हजारांच्या वर पैसे दिले की जीएसटी, अशी हूल उठली. 18 तारखेला अर्थ मंत्रालयानं असा काही प्रस्तावच नाही म्हणून सांगितलं, तर नानांना उलट खात्री पटली. "काही नसतं, तर सांगायला कशाला आले असते?"

चिडून मी त्यांच्यासोबत बाजारात निघालो. दावणीला खोंडं, पायाखाली शेण, वर भज्यांचा धूर. नाना चालता चालता बोट दाखवत होते. "त्यानं बैल विकला, पावती. ह्यानं पाल ठोकलं, पावती. आणि तुझा निरोप अमेरिकेला फुकट जाणार? तूच सांग."

खरं सांगायचं तर तिथं माझी जीभ जरा अडकली. पोस्टकार्डाला निदान पन्नास पैसे पडतात. तारेला शब्द मोजून पैसे पडत, म्हणून बारशाची नि मयताची तार सारखीच कोरडी असायची. 2013 च्या जुलैत तीही गेली. दिवाळीला मोबाइल कंपन्या सवलतीचे एसएमएस बंद करून एका शुभेच्छेला पूर्ण दर लावत, ते तर मीच भरलंय. व्हॉट्सॲपसुद्धा एक वर्ष फुकट, पुढं वर्षाला 99 सेंट अशा बोलीवर आलं होतं; ती बोली 2016 मध्ये सुटली. जन्मभर पावत्या फाडलेल्या माणसाला फुकटाचीच धास्ती वाटणार.

एवढ्यात नानांना ओळखीचा व्यापारी भेटला. पुतण्याच्या खोंडाचा सौदा राहिला होता. दोघांनी हात पुढं केले, वर टॉवेल पडला. टॉवेलाखाली बोटं हलत होती. व्यापाऱ्यानं मान हलवली, नानांनी हात आखडला, पुन्हा दिला. भोवती दहा-बारा माणसं, पण आकडा त्या दोघांतच. मी मनात म्हटलं, हिला म्हणतात मेल! हिच्यावर कुठलं सरकार कर बसवणार?

सौदा जमला. पावती अर्थातच फाडावी लागली.

परत फिरताना नानांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी काच पुसली, डोळे बारीक करून वाचलं आणि विजयानं माझ्याकडं पाहिलं. सकाळी त्यांनीच धाडलेला निरोप कुठून कुठून फिरून त्यांच्याकडं परत आला होता.

"बघ! दुसरीकडनंबी आला. खरं असल्याबिगर येतंय व्हय?"